पानाफुलांचे सायनोटाइप ठसे फिके आणि धूसर का येतात?

सायनोटाइप म्हणजे उन्हाच्या मदतीने कागदावर निळा ठसा उमटवायची पद्धत. प्रश्न थोडक्यात असा आहे: त्यासाठी बाजारातून आणलेली दोन द्रावणं समप्रमाणात मिसळली, ड्रॉइंग पेपरवर लावली, अंगणातली ताजी पानंफुलं मांडून दुपारच्या उन्हात दहा मिनिटं ठेवली. धुताना निळं पाणी वाहून गेलं, मागे फिका राखाडी निळा उरला, पानांच्या कडा धूसर आल्या आणि पांढऱ्या भागावर पिवळट डाग पडले. रसायनं खराब आहेत का?

बहुधा नाहीत. सायनोटाइपची रसायनं सहसा दगा देत नाहीत. दगा देतो तो कागद, पानातलं पाणी आणि पान व कागद यांच्यामधली फट. या तीन गोष्टी हातात आल्या की उरलेलं काम ऊन करतं.

आधी घडतं काय ते पाहू. फेरिक अमोनियम सायट्रेटमधल्या फेरिक लोहावर अतिनील किरण पडले की त्याचं फेरस होतं. हे फेरस लोह पोटॅशियम फेरिसायनाइडशी जुळून प्रशियन ब्लू हा गडद निळा रंग तयार करतं, आणि तो पाण्यात विरघळत नाही. जिथे पानाने ऊन अडवलं तिथली रसायनं विद्राव्यच राहतात, म्हणून धुतल्यावर निघून जातात आणि पांढरा कागद दिसतो. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये ही पद्धत शोधली. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी ब्रिटनमधल्या समुद्रशेवाळांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. त्यांनी शेवाळ निवडलं हे आपल्यालाही उपयोगाचं आहे, त्याकडे पुढे येतो.

द्रावणांचं नेहमीचं प्रमाण असं: पहिल्या बाटलीत २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसरीत १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड, दोन्हींत डिस्टिल्ड पाणी घालून प्रत्येकी १०० मिली. दोन्ही बाटल्या तपकिरी काचेच्या. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड पाणी चालतं, पण तिथेच बॅटरीचं ॲसिडही तशाच कॅनमध्ये मिळतं, तेव्हा लेबल वाचून घ्या. वापरताना दोन्ही समप्रमाणात, लागेल तेवढंच मिसळा. ए-४ आकाराच्या कागदाला साधारण ३ मिली मिश्रण पुरतं. मिसळलेलं त्याच दिवशी संपवा.

खरेदीत दोन चुका नेहमी होतात. पहिली, फेरिक अमोनियम सायट्रेट हिरवं आणि तपकिरी अशा दोन प्रकारांत येतं. आपल्याला हिरवं हवं. तपकिरी प्रकाशाला मंद असतं. दुसरी चूक जास्त महाग पडते: फेरिसायनाइडऐवजी फेरोसायनाइड आणणं. फेरिसायनाइडचे खडे लालसर नारिंगी, फेरोसायनाइडचे फिके पिवळे. फेरोसायनाइड पहिल्या द्रावणात घातलं की ऊन लागायच्या आतच सगळं मिश्रण निळं होतं. मिसळताक्षणी निळं झालं तर दोष बाटलीवरच्या नावात शोधा. बरोबर मिश्रण पिवळसर हिरवं दिसतं.

पहिल्या द्रावणावर काही आठवड्यांनी बुरशीची साय येते, पावसाळ्यात लवकरच. ती कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळून टाकली की द्रावण वापरता येतं. दुसरं द्रावण अंधारात बरेच महिने टिकतं.

नावातल्या 'सायनाइड'ने घाबरू नका, पण निष्काळजीही राहू नका. फेरिसायनाइडमधला सायनाइड लोहाशी घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे सौम्य व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडने तो सुटत नाही. तीव्र ॲसिड किंवा जोराची उष्णता मात्र त्याच्या जवळ आणू नका, त्यातून विषारी वायू निघतो. बाथरूम धुण्याच्या ॲसिडने हे ट्रे साफ करणं म्हणूनच वर्ज्य. हातमोजे घाला, पूड मोजताना तोंडाला मास्क लावा, आणि एकदा वापरलेली वाटी-चमचा पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

आता कागद. धुताना निळं पाणी वाहणं ही तुमची मुख्य तक्रार आहे आणि तिचं उत्तर इथे आहे. धुण्याच्या पहिल्या पाण्यात पिवळा-हिरवा रंग उतरणं बरोबरच आहे, ती न वापरली गेलेली रसायनं असतात. पण गडद निळं पाणी वाहत असेल, तर मिश्रण कागदात मुरलेलंच नव्हतं. ते वर थरासारखं वाळलं, तिथेच निळं झालं आणि पाण्याबरोबर सुटलं. गुळगुळीत, जास्त खळ दिलेल्या कागदावर असं होतं. लेप दाट थापला तरीही होतं. शंभर टक्के सुती, २०० ते ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) जलरंगाचा कागद घ्या, शक्यतो बारीक पोताचा. खडबडीत पोतावर पानाच्या शिरा तुटक उमटतात.

दुसरा मुद्दा जास्त फसवा आहे. पुष्कळ चांगल्या कागदांवर 'ॲसिड-फ्री' लिहिलेलं असतं आणि नवख्या माणसाला ते चांगलंच वाटतं. पण बहुतेकदा त्याचा अर्थ कागदात कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे एक अल्कली (ॲसिडच्या उलट गुणाचा पदार्थ), घातलंय असा असतो. प्रशियन ब्लूचा शत्रू ॲसिड नाही, अल्कली आहे. अल्कलीत तो मोडून पिवळट तपकिरी होतो. तुमचा राखाडीकडे झुकणारा निळा आणि पिवळे डाग यांचं मूळ इथे असू शकतं. परीक्षा सोपी आहे: कागदाच्या पट्टीवर लेप लावा, वाळवा, बंद खोक्यात रात्रभर ठेवा. सकाळी पट्टी पिवळीच असेल तर कागद चांगला. हिरवट-निळसर झाली असेल तर कागदाचं आणि रसायनाचं पटत नाही. असा कागद टाकून द्यायची गरज नाही. लेप देण्याआधी तो ५ टक्के सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात (१ लिटरला ५० ग्रॅम) बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, साध्या पाण्यातून काढून वाळवा. शिवाय लेपाच्या १० मिली मिश्रणात चिमूटभर सायट्रिक ॲसिड घातलं तर लेप अंधारात जास्त वेळ पिवळा राहतो.

हातकागद वापरायचा असेल, आणि पानाफुलांच्या ठशाला तो फार शोभतो, तर पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे. सुती चिंध्यांचा पांढरा, फुलंपाकळ्या न घातलेला कागद मागा. एकाच ठिकाणचे कागदही तुकडीगणिक वेगळे वागतात, तेव्हा वरची पट्टीची परीक्षा प्रत्येक नव्या तुकडीला करा. हातकागदात कधी लोखंडाचे सूक्ष्म कण अडकलेले असतात. लेप लावताच टाचणीच्या टोकाएवढे निळे ठिपके उठले तर कारण तेच. धातूची पट्टी असलेल्या जुन्या, गंजक्या ब्रशनेही हे ठिपके येतात. लेपासाठी फोमचा किंवा धातू नसलेला रुंद मऊ ब्रश वापरा.

लेप देताना खोलीत मंद पिवळा दिवा चालतो. ट्यूबलाइट आणि खिडकीचा उजेड टाळा. आधी आडवे, मग उभे हात फिरवा आणि थांबा. चकाकणारी डबकी राहिली तर कोरड्या ब्रशने टिपून घ्या. मिनिटभरात कागदाची चमक गेली म्हणजे मिश्रण मुरलं. अंधाऱ्या, कोरड्या कपाटात वाळू द्या. हेअर ड्रायर थंड हवेवरच. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लेप दिलेला कागद दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवू नका, दमट हवेत तो आपोआप हिरवा पडतो आणि पांढरा भाग मळकट येतो. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवस सहज चालतो. कागद हाताला थंड लागत असेल तर तो अजून ओला आहे, असं समजा.

ठशातला जीव वनस्पतीत असतो. ताजं पान काचेखाली उन्हात ठेवलं की त्यातलं पाणी वाफ होऊन काचेच्या आतल्या बाजूला दवासारखं साचतं, मग कागदावर उतरतं. जिथे थेंब पडतो तिथे लेप हलतो आणि डाग पडतो. तुमच्या पांढऱ्या भागावरचे डाग पानाच्या कडेला लागून असतील, तर ते पानाच्या रसाचे आहेत. ताजी फुलं तर काचेच्या दाबाने चिरडतात. म्हणून आधी दाबून घ्या: वर्तमानपत्र, त्यावर टीपकागद, वनस्पती, पुन्हा टीपकागद, वर्तमानपत्र, आणि वर जड पुस्तकं किंवा पाटा. ठशासाठी पूर्ण वाळलेल्या नमुन्यापेक्षा एक-दोन दिवस दाबलेला, लवचीक पण सपाट नमुना उत्तम. पूर्ण वाळलेलं पान कडक होऊन कडा उचलतं आणि मांडताना तुटतं. टीपकागद रोज बदला, पावसाळ्यात दिवसातून दोनदा, नाहीतर बुरशी येते. ताजंच पान वापरायचं असेल तर कागद आणि पान यांच्यामध्ये ओएचपीची पातळ पारदर्शक शीट ठेवा. कडेची धार थोडी जाते, पण रस कागदावर येत नाही.

कडा धूसर येण्याचं कारण फट. देठ जाड असेल तर काच देठावर टेकते आणि पान कागदापासून दोन मिलिमीटर वर राहतं. ऊन त्या फटीतून आत शिरतं. जाड देठ ब्लेडने उभा चिरून अर्धा काढा, चपटी बाजू खाली ठेवा. जास्वंदीसारख्या फुलाचा हिरवा पेला मागून कापून टाका, पाकळ्या वेगळ्या मांडा. काच ४ ते ५ मिलिमीटर जाडीची साधी, खाली तेवढ्याच आकाराचं प्लायवूड, त्यावर पातळ फोम, मग कागद. चारही बाजूंनी मोठ्या बाइंडर क्लिपा लावा. फोममुळे काचेचा दाब सगळीकडे सारखा पोचतो. ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट शीट घेऊ नका, त्यांतल्या पुष्कळ अतिनील किरण अडवण्यासाठीच बनवलेल्या असतात.

निवडीचं सांगायचं तर, जाड पान फक्त पांढरी सावली देतं. आंबा, वड, फणस यांचं पान उन्हासमोर भिंत आहे, आकार सुंदर असला तरी आत काही दिसत नाही. ज्यातून थोडं ऊन झिरपतं अशा वनस्पतींत ठशाचं खरं सौंदर्य आहे. बोगनवेलीच्या कागदी पाकळ्यांच्या शिरा उमटतात. कोथिंबीर, शेपू, बडीशेपेचा तुरा, शेवग्याची पिसासारखी पानं, नेचे, गवतांचे तुरे, तेरड्याच्या पाकळ्या, पाण्यात कुजवून जाळी केलेलं पिंपळाचं पान, यांतून निळ्याच्या पाच-सहा छटा मिळतात. ॲटकिन्स यांच्या शेवाळांचा गुण हाच होता: पातळ, पारदर्शक आणि आपोआप कागदाला चिकटणारी. रत्नागिरी-मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर वाहून आलेलं पातळ हिरवं शेवाळ याला फार चांगलं. गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुवा, कारण मागे राहिलेलं मीठ ओल धरतं. मग पसरट ताटात पाण्यावर तरंगवून खालून ओएचपी शीट घाला आणि शेवाळ पसरलेल्या अवस्थेतच उचला. हाताने पसरायला गेलात तर त्याचा गोळा होतो.

काही वनस्पतींपासून दूर राहा. गाजरगवताने अनेकांच्या त्वचेला ॲलर्जी होते. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते, आणि तो कागदावर पडला तर लेप बसत नाही. कास पठारावरची फुलं तोडू नका. ते पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे आणि तिथे फुलं तोडायला मनाई आहे. रस्त्याकडेचा टाकळा, घाणेरी, बागेतली छाटणी, भाजीच्या जुडीतून निघालेले तुरे एवढ्यातून वर्षभर पुरेल इतकं साहित्य मिळतं.

मांडणी आधी त्याच आकाराच्या साध्या कागदावर करून पाहा, मोबाइलने फोटो घ्या आणि मगच मंद उजेडात लेपाच्या कागदावर चिमट्याने उतरवा. लेपाच्या कागदावर विचार करत बसलात तर तेवढा वेळ उजेड लेपावर पडत राहतो.

ऊन. 'दहा मिनिटं' हे उत्तर मे महिन्यात जास्त होईल आणि जुलैच्या ढगाळ दुपारी फार कमी. सुरुवातीसाठी आकडे असे धरा: एप्रिल-मे महिन्यांत सकाळी ११ ते दुपारी २ दरम्यान ५ ते ८ मिनिटं, डिसेंबरात त्याच वेळी १० ते १५, ढगाळ हवेत २० ते ४५. हे फक्त सुरुवातीचे आकडे आहेत. खरा निकाल लेपाचा रंग देतो. उघडा भाग पिवळ्या-हिरव्यातून हिरवा, मग गडद निळसर हिरवा, आणि शेवटी मळकट राखाडी, किंचित कांस्यासारखा होतो. हा राखाडी येईपर्यंत थांबा. नवखे लोक गडद निळा दिसताच कागद उचलतात. तो निळा धुण्यात बराच उतरतो आणि फिका ठसा हातात येतो. तुमच्या फिकेपणात याचाही वाटा असणार. नवा कागद असेल तेव्हा एक पट्टी घेऊन पुठ्ठ्याने दर दोन मिनिटांनी थोडी थोडी झाका, धुवा, वाळवा आणि मग वेळ ठरवा.

फ्रेम सूर्याकडे तोंड करून ठेवा. काचेवर पेन्सिल उभी धरा आणि तिची सावली नाहीशी होईपर्यंत फ्रेम कलती करा. पुण्यात डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो, म्हणजे जमिनीवर सपाट ठेवलेल्या फ्रेममध्ये प्रत्येक देठाची एका बाजूला लांब सावली पडते आणि कड दुहेरी येते. मेच्या मध्यात, शून्य सावलीच्या दिवसांच्या (भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या दिवसांच्या) आसपास, मुंबई-पुण्यात फ्रेम सपाट ठेवूनच धारदार कडा मिळतात. ढगाळ उजेड सगळीकडून येतो, त्यामुळे कडा मऊ होतात. नेच्याला तो मऊपणा शोभतो, गवताला नाही.

छटा वाढवायची एक सोपी युक्ती: एकूण वेळातला शेवटचा तिसरा हिस्सा उरला की फ्रेम सावलीत आणून एक-दोन पानं उचलून टाका, पुन्हा उन्हात ठेवा. उचललेल्या पानांची मधली निळी छाया मागे उरते आणि ठशाला खोली येते.

धुणं साध्या पाण्यात, उपडं घालून, पाच मिनिटं. मग ताजं पाणी, असं पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत १५ ते २० मिनिटं. पिवळं राहिलेला भाग पुढे उजेडात हळूहळू निळा होतो. बोअरवेलचं जड पाणी असेल तर पहिल्या पाण्यात लिटरमागे १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड किंवा दोन चमचे पांढरं व्हिनेगर घाला. त्याने निळा टिकतो आणि मधल्या छटाही जास्त वाचतात. तासभर वाहत्या नळाखाली ठेवू नका, प्रशियन ब्लूचे कण सुटत जातात. धुतल्याबरोबर ठसा फिका दिसला तरी हिरमुसू नका. हवेने तो २४ तासांत गडद होतो. घाई असेल तर १ लिटर पाण्यात औषधाच्या दुकानातलं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १५-२० मिली घालून अर्धा मिनिट बुडवा. अंतिम रंग दोन्ही वाटांनी सारखाच, पेरॉक्साइडने फक्त वाट पाहावी लागत नाही.

निळा नको असेल तर हिरडा आहे. हिरड्यातलं टॅनिन लोहाशी जुळून काळपट रंग देतं. लोह आणि हिरडा यांतून शाई आणि कापडावरचा काळा रंग करायची जुनी रीत यावरच चालते. एक दिवस वाळलेला, नेहमीपेक्षा गडद ठसा घ्या. १ लिटर पाण्यात एक चहाचा चमचा धुण्याचा सोडा विरघळवून त्यात बुडवा. काही सेकंदांत निळा जांभळट होऊन पिवळा पडू लागतो. किती जाऊ द्यायचा ते तुम्ही ठरवा, मग लगेच साध्या पाण्यात नीट धुवा, सोडा मागे राहता कामा नये. हिरड्याची १० ग्रॅम पूड अर्धा लिटर कोमट पाण्यात तासभर भिजवून फडक्याने गाळा आणि ठसा त्यात अर्धा तास ठेवा. पूर्ण पिवळा होऊ दिलेला ठसा गडद तपकिरी-काळा होतो, अर्धवट सोडलेला निळा-काळा. कागदही थोडा पिवळट होतो, ते टळत नाही. काळ्या चहानेही हे जमतं, पण त्याचा कागदावरचा डाग जास्त असतो.

ओल्या लेपावर ताजी पानं, हळद, व्हिनेगर, साबणाचा फेस टाकून तासन् तास उन्हात ठेवायची पद्धतही हल्ली फार दिसते. उन्हात दिसणारे पिवळे-नारिंगी रंग मोहक असतात, पण त्यांतले बरेच धुण्यात जातात, आणि हळदीचा पिवळा उजेडात उडतो. टिकाऊ ठसा हवा असेल तर कोरडीच पद्धत शिका. ओली पद्धत तिच्या शेजारी प्रयोग म्हणून ठेवा.

कापडावर करायचं तर खादी किंवा मलमल, आधी सोड्याच्या पाण्यात उकळून खळ काढलेली, नंतर व्हिनेगरच्या पाण्यातून काढलेली. मिश्रण कागदाच्या दुप्पट लागतं. पॉलिस्टरवर काही टिकत नाही. पुढे ते कापड धुण्याच्या पावडरीने कधीच धुऊ नका, तिच्यातल्या अल्कलीने निळ्याचे पिवळे डाग होतात. रिठ्याचं पाणी चालतं.

फ्रेम करताना मागचा पुठ्ठाही कॅल्शियम कार्बोनेट नसलेला घ्या. थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर ठसा काही महिन्यांत फिका पडेल. तसा फिका पडलेला ठसा काही आठवडे अंधारात, हवा लागेल असा ठेवा. उजेडाने रंगहीन झालेला प्रशियन ब्लू हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा निळा होतो. अल्कलीने गेलेला निळा मात्र परत येत नाही.